वसाहतकालीन अमेरिकेतील स्कॉच-आयरिश घराण्याचा शोध : कोणती पायरी आधी, कोणती नंतर

आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातून साधारण १७१८ ते १७७५ या काळात अमेरिकेत उतरलेल्या प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडमधून आलेल्या एका प्रोटेस्टंट पंथाच्या) कुटुंबांना आणि त्यांच्या वंशजांना तिथे स्कॉच-आयरिश म्हणतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत सून किंवा जावई अशा घराण्यातला असतो आणि नातवंडांसाठी दोन्ही बाजूंची वंशावळ करायला कुणीतरी बसते. आपली बाजू नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून उतरवून घेतली की दुसऱ्या बाजूचीही अशी एखादी वही, म्हणजे जहाजाची प्रवासी यादी, कुठेतरी असेलच असे गृहीत धरले जाते. तशी यादी बहुतेकांच्या बाबतीत कधी तयारच झाली नव्हती. ही माणसे ब्रिटिश राजाची प्रजा म्हणून ब्रिटिश वसाहतीत उतरत होती, त्यामुळे त्यांची नोंद ठेवण्याची किंवा त्यांना नागरिकत्व देण्याची कुणाला गरज नव्हती. फिलाडेल्फियात १७२७ पासून ज्या शपथ-याद्या आहेत त्या जर्मन भाषकांच्या आहेत, आणि जहाजाच्या कप्तानाने प्रवाशांची यादी देण्याची अमेरिकेतील सक्ती १८२० पासूनची आहे.

यादी सापडत नाही म्हटल्यावर शोधणारा इंटरनेटवर त्याच नावाचा, साधारण त्याच वयाचा अल्स्टरमधला माणूस उचलतो आणि आपल्या पूर्वजाला चिकटवून टाकतो. तिथून पुढची सगळी झाडे एकमेकांची नक्कल करत वाढतात. पुढचा क्रम ही चूक टाळण्यासाठी आहे. अमेरिकेच्या बाजूचे काम पुरे झाल्याशिवाय समुद्र ओलांडायचा नाही, आणि माणूस ओळखायचा तो नावावरून नव्हे, तर त्याच्या जमिनीवरून आणि शेजाऱ्यांवरून.

## तयारी : तारखा आणि शब्द आधी समजून घ्या

जुने कागद उघडण्यापूर्वी पंचांग नीट समजून घ्यावे. १७५२ पूर्वी ब्रिटिश वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. समजा, एका मृत्युपत्रावर १० डिसेंबर १७४२ ही तारीख आहे आणि ते कोर्टात १५ फेब्रुवारी १७४२ रोजी सिद्ध झाल्याची नोंद आहे. माणूस मृत्युपत्र करण्याआधीच वारला असे इथे काही घडलेले नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७४३ चा आहे. अशी तारीख आपल्या वहीत १७४२/४३ अशी दुहेरी लिहावी. कागदात ती आधीच दुहेरी लिहिलेली असेल तर तशीच उतरवावी, स्वतःहून ‘दुरुस्त’ करू नये. क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) लिपिकाने महिन्याला नुसता क्रमांक दिला असेल, तर १७५२ पूर्वीच्या कागदात पहिला महिना म्हणजे मार्च. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली, म्हणून मधल्या अकरा दिवसांची नोंद शोधू नये.

नात्यांचे आणि कायद्याचे शब्दही आजच्या अर्थाने घेऊन चालत नाही. ‘इन्फंट’ म्हणजे तान्हे मूल नव्हे, तर एकवीस वर्षांखालील अज्ञान व्यक्ती. ती वीस वर्षांचा दणकट तरुणही असू शकते. ‘ऑर्फन’ म्हणजे ज्याचा बाप वारला आहे तो, आई हयात असली तरी. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असे नाही. एकाच वस्तीत एकाच नावाचे दोघे असले की लिपिक मोठ्याला एक आणि धाकट्याला दुसरे लावून मोकळा होई, आणि थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होत असे. ‘कझिन’ हा शब्द पुतण्या-भाच्यांनाही सर्रास वापरला जाई, ‘सन-इन-लॉ’ कधी जावई असतो तर कधी सावत्र मुलगा, आणि मृत्युपत्रातला ‘माझी सध्याची पत्नी’ हा प्रयोग पहिली पत्नी होती याचा पुरावा ठरत नाही.

नोंदी ठेवण्याची पद्धतही आधीच ठरवावी. प्रत्येक कागदासाठी काउंटी (म्हणजे जिल्हा), पुस्तक, पान, कागद केल्याची तारीख, तो कोर्टात नोंदल्याची तारीख आणि त्यात आलेले प्रत्येक नाव लिहावे, साक्षीदार आणि शेजारी यांच्यासकट. या प्रकारच्या शोधात साक्षीदारांची नावे पहिल्या वाचनात सोडून देणारा माणूस वर्षभराने तेच पुस्तक पुन्हा उघडतो.

## टप्पा १ : ओळखीच्या माणसापासून मागे या

सुरुवात मूळ पुरुषापासून करायची नाही. जिवंत पिढीपासून एकेक पिढी मागे जावे आणि प्रत्येक जोडासाठी स्वतंत्र कागद असावा. १८५० ची जनगणना घरातल्या प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव आणि जन्माचे राज्य देणारी पहिली. त्याआधीच्या, म्हणजे १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांची संख्या मिळते. १८८० च्या जनगणनेत आईवडिलांची जन्मस्थळेही विचारली होती, म्हणून ज्यांची म्हातारी मुले तोवर हयात होती त्यांच्यासाठी ती अवश्य पाहावी. १७९० च्या व्हर्जिनियाच्या याद्या नष्ट झाल्या आहेत. त्यांच्या जागी जे छापून मिळते ते करयाद्यांवरून तयार केलेले आहे.

या टप्प्यावर सगळ्यांत उपयोगी ठरतात ती स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांची निवृत्तिवेतनाची प्रकरणे. ७ जून १८३२ च्या कायद्याखाली अर्ज करणाऱ्या म्हाताऱ्या सैनिकाला कोर्टापुढे सांगावे लागे की त्याचा जन्म कुठे आणि कोणत्या वर्षी झाला, सैन्यात गेला तेव्हा तो कुठे राहत होता आणि त्यानंतर कुठे कुठे राहिला. म्हणजे एका बैठकीत अख्खा प्रवास हाती येतो. आपल्या पूर्वजाने अर्ज केला नसला तरी त्याच्या भावाने किंवा त्याच तुकडीतल्या शेजाऱ्याने केला असेल, तर तोही मुळापासून वाचावा. मात्र ८ नोव्हेंबर १८०० रोजी युद्ध खात्याच्या कचेरीला लागलेल्या आगीत त्यापूर्वीचे अर्ज जळाले, त्यामुळे फार आधी अर्ज केलेल्यांचे कागद न मिळणे स्वाभाविक आहे.

तपासणी : १७९० च्या आसपास हयात असलेला एक माणूस, त्याची काउंटी आणि त्याची जमीन, या तीन गोष्टी पक्क्या झाल्या का? झाल्या नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाण्यात अर्थ नाही.

## टप्पा २ : काउंट्यांचा तक्ता करा

कुटुंब एकाच शेतावर राहते आणि त्याचे कागद मात्र तीन-चार कचेऱ्यांत विखुरतात, कारण वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली तशा जुन्या काउंट्या फोडून नव्या केल्या गेल्या. नवी काउंटी झाली तरी जुने दफ्तर मूळ काउंटीतच राहते.

व्हर्जिनियातल्या आजच्या रॉकब्रिज काउंटीतले एखादे शेत घ्या. ऑगस्टा काउंटी कायद्याने १७३८ मध्ये झाली, पण तिचे कोर्ट १७४५ च्या अखेरीस भरू लागले. तोपर्यंतचे दस्त ऑरेंज काउंटीत आहेत. १७४५ पासून १७७८ पर्यंत ऑगस्टा, त्यातही शेत दक्षिणेकडचे असेल तर १७७० पासून बोटेटॉर्ट, आणि १७७८ पासून रॉकब्रिज. पेनसिल्व्हेनियात चेस्टरमधून १७२९ मध्ये लँकेस्टर निघाली आणि लँकेस्टरमधून १७५० मध्ये कंबरलंड. नॉर्थ कॅरोलिनात १७५० च्या अॅन्सनमधून १७५३ मध्ये रोवन वेगळी झाली. आपल्या शेताचा असा तक्ता वर्षांसकट कागदावर मांडून भिंतीला लावावा.

इशारा : राज्यांच्या सीमाही स्थिर नव्हत्या. नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनामधली पश्चिमेकडची सीमा १७७२ मध्ये आखली गेली, त्यामुळे आज साउथ कॅरोलिनात असलेल्या यॉर्क परिसरातल्या जमिनीची सनद रॅले येथे नॉर्थ कॅरोलिनाच्या अभिलेखागारात मिळू शकते. पेनसिल्व्हेनिया आणि मेरिलंडच्या सीमेची मोजणी १७६३ ते १७६७ मधली. त्याआधीच्या कागदांसाठी दोन्हीकडे पाहावे.

## टप्पा ३ : आडनावाची सगळी रूपे लिहून काढा

लिपिक ऐकलेले लिहीत असे. कॅल्डवेलचे कॉलवेल होते, कर्कपॅट्रिकचे किलपॅट्रिक, ह्यूस्टनची तीन-चार रूपे एकाच पानावर दिसतात, आणि ‘मॅक’ कधी गळून पडतो, कधी नसताना लागतो. रोमन लिपीतले पहिले अक्षर बदलले की सूचीतली जागाच बदलते, म्हणून त्या रूपांकडे विशेष लक्ष द्यावे. स्पेलिंग वेगळे म्हणून माणूस वेगळा, किंवा स्पेलिंग तेच म्हणून माणूस तोच, हे दोन्ही निष्कर्ष सारखेच चुकीचे आहेत.

## टप्पा ४ : जमिनीचे कागद

सगळा शोध उभा राहतो तो इथे, म्हणून इथे घाई करू नये. चर्चच्या नोंदी हरवल्या, जन्ममृत्यूच्या नोंदी नव्हत्याच, पण जमीन घेतली-विकली की कागद झाला आणि तो कचेरीत राहिला.

प्रथम सरकारकडून किंवा मालकाकडून मिळालेली पहिली सनद शोधावी. पेनसिल्व्हेनियात क्रम असा होता : अर्ज, वॉरंट (मोजणीचा हुकूम), मोजणी, मोजणीचा अहवाल आणि शेवटी पेटंट (मालकीची अंतिम सनद). हे कागद हॅरिसबर्ग येथे राज्याच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यांच्या नोंदवह्या ऑनलाइन पाहता येतात. वॉरंट एकाच्या नावे आणि पेटंट वीस-तीस वर्षांनी दुसऱ्याच्या नावे असणे अगदी सामान्य आहे. मधली विक्री किंवा वारसा शोधणे हेच तर काम. वॉरंटच्या तारखेला कुटुंब तिथे आले असेही समजू नये, कारण पुष्कळ जण आधी बसले आणि पैसे नंतर भरले. सस्क्वेहाना नदीच्या पश्चिमेकडे तर १७३६ च्या खरेदीपूर्वी वॉरंट देता येत नव्हते, म्हणून सॅम्युएल ब्लन्स्टन यांच्यामार्फत तात्पुरते परवाने दिले गेले. त्या भागातल्या सुरुवातीच्या कुटुंबांसाठी ते आधी पाहावेत.

व्हर्जिनियात सरकारी पेटंट रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत. पण शेनांडोआ खोऱ्यात बेव्हर्ली मॅनर आणि बोर्डेन यांचा पट्टा अशा मोठमोठ्या जमिनी आधीच एकेका मालकाकडे गेलेल्या होत्या, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याचा पहिला कागद सनद नसून त्या मालकाने करून दिलेले खरेदीखत असते. ते काउंटीच्या दस्तांच्या पुस्तकात सापडेल. उत्तरेकडचा लॉर्ड फेअरफॅक्स यांचा नॉर्दर्न नेक नावाचा मुलूख स्वतःच्या सनदा देत असे. नॉर्थ कॅरोलिनाचा उत्तरेकडचा अर्धा भाग लॉर्ड ग्रॅनव्हिलचा होता आणि १७६३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ती कचेरी बंद पडली, म्हणून पुढची काही वर्षे तिथे सनदाच नाहीत. त्या काळात कुटुंब नाहीसे झाले असे मानू नये.

आता खरेदीखत वाचण्याची रीत. त्या काळी व्हर्जिनिया-कॅरोलिनात विक्रीसाठी ‘लीझ अँड रिलीज’ नावाचे दोन कागद लागोपाठच्या दोन दिवशी करत. पहिल्यात पाच शिलिंग घेऊन आणि भाडे म्हणून मिरीचा एक दाणा ठरवून वर्षभरासाठी जमीन दिलेली दिसते, दुसऱ्यात खरी किंमत येते. नवखे लोक पहिला कागद वाचून ‘आमचे पूर्वज कुळ होते’ असे लिहून ठेवतात. दोन्ही कागद मिळून ती एकच विक्री आहे.

मग चतुःसीमा. सीमा झाडे, ओढे आणि शेजाऱ्यांच्या कोपऱ्यांवरून, पोल या मापात दिलेली असते. एक पोल साडेसोळा फूट, ३२० पोल म्हणजे एक मैल, आणि १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. दिशा आणि अंतरे घेऊन आकृती काढावी आणि शेजारच्या शेतांच्या आकृत्या तिला जोडत जाव्यात. एकाच ओढ्यावर दोन जॉन असले तर ते दोन वेगळ्या चतुःसीमांत राहतात, आणि दोघांना वेगळे करण्याचा याहून भरवशाचा मार्ग नाही. मोजणीच्या कागदावर साखळी धरणाऱ्यांची नावे असतात. साखळी धरायला बहुधा घरचा मुलगा, मेहुणा किंवा लगतचा शेतकरी येत असे, म्हणून ती नावे आवर्जून उतरवावीत.

विकतानाच्या कागदात पत्नीचे नाव आणि तिने आपला विधवा-हक्क सोडल्याची नोंद पाहावी. कधी कधी पत्नीचे नाव तेवढ्या एकाच ठिकाणी मिळते. जमीन घेतल्याचा कागद आहे पण विकल्याचा नाही, किंवा उलट, असे झाले तर ती वारशाने आली किंवा गेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

तपासणी : घेतलेला प्रत्येक एकर पुढे कुणाकडे गेला याचा हिशेब लागतो का? न लागलेल्या एकरांतच बहुधा एखादा मुलगा लपलेला असतो.

## टप्पा ५ : मृत्युपत्र, वारसा आणि कोर्टाच्या वह्या

मृत्युपत्रात सगळी मुले असतातच असे नाही. ज्याला हयातीत जमीन देऊन झाली त्याला एक शिलिंग मिळतो किंवा त्याचे नावच येत नाही. एक शिलिंग म्हणजे बापाचा राग, असा अर्थ काढण्याची लोकांना फार हौस असते. बहुतेक वेळा तो केवळ हिशेब पुरा झाल्याचा निर्देश असतो.

मृत्युपत्र न करता वारलेल्याच्या बाबतीत वसाहतीचा कायदा माहीत हवा. व्हर्जिनियात सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जात असे. हा नियम १७८५ च्या कायद्याने रद्द झाला आणि तो कायदा १७८७ पासून लागू झाला. थोरल्याकडे जमीन आपोआप गेल्यामुळे तिचा कागद होत नाही, पण पुढे तो ती विकतो तेव्हा खरेदीखतात ‘अमुक याचा मुलगा आणि कायदेशीर वारस’ असे शब्द येतात. हे एक वाक्य पिढी जोडून देते, म्हणून विक्रीची खतेही शेवटपर्यंत वाचावीत. पेनसिल्व्हेनियात थोरल्याला दुप्पट वाटा आणि बाकीच्या भावंडांना सारखे वाटे मिळत, आणि ती वाटणी ऑर्फन्स कोर्टाच्या कागदांत मुलांच्या नावांसह सापडते.

पालक नेमल्याच्या नोंदींतून वय कळते. चौदा वर्षांच्या पुढचे मूल स्वतःचा पालक निवडू शकत असे, त्याखालच्या मुलासाठी कोर्ट नेमत असे. म्हणून ‘निवडला’ आणि ‘नेमला’ या दोन क्रियापदांत वर्षांचा फरक दडलेला असतो. मृताच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाचे जामीनदार, मालाची किंमत ठरवणारे आणि लिलावात भांडीकुंडी विकत घेणारे यांची नावेही घ्यावीत. विधवेच्या बाजूचे भाऊ बहुधा त्यात असतात.

इशारा : ऑगस्टा काउंटीच्या कोर्टातल्या कागदांचे तीन खंडांतले छापील गोषवारे सर्वत्र उपलब्ध आहेत आणि त्यांचा उपयोगही मोठा आहे, पण गोषवारा हा केवळ दिशादर्शक आहे. त्यात गाळलेली आणि चुकीची वाचलेली नावे आहेत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर अनेक काउंट्यांच्या मूळ पुस्तकांची छायाचित्रे मोफत आहेत आणि आता हस्तलिखित मजकुरात थेट नाव शोधण्याचीही सोय आहे. सूचीत कधीच न आलेले साक्षीदार आणि शेजारी तिने सापडतात. यंत्राने वाचलेला मजकूर मात्र छायाचित्राशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

## टप्पा ६ : करयाद्या वर्षानुवर्षे लावा

एका वर्षाची करयादी फारसे सांगत नाही, सलग दहा वर्षांच्या याद्या शेजारी मांडल्या की घर दिसू लागते. पेनसिल्व्हेनियाच्या याद्यांत ‘फ्रीमन’ म्हणजे एकवीस वर्षांवरचा अविवाहित पुरुष. तो पुढच्या वर्षी साध्या करदात्यांत गेला तर मधल्या काळात लग्न झाले असावे. ‘इन्मेट’ म्हणजे कैदी नव्हे, दुसऱ्याच्या जागेत राहणारा, स्वतःची जमीन नसलेला माणूस. व्हर्जिनियात करासाठी गोऱ्या पुरुषांचे वय सोळापासून मोजत, म्हणून मुलाचे नाव बापाच्या घरात पहिल्यांदा येते त्या वर्षातून सोळा वजा करावेत. उत्तर अंदाजी असते, पण एकाच नावाच्या दोघांपैकी एक बाद करायला तेवढे पुरते. बापाच्या नावापुढे एखाद्या वर्षी ‘इस्टेट’ किंवा विधवेचे नाव आले की मृत्यूचे वर्ष आवळता येते.

## टप्पा ७ : चर्चची कागदपत्रे, अपेक्षा कमी ठेवून

प्रेस्बिटेरियन पाद्री बाप्तिस्म्याची वही बहुधा स्वतःची समजत आणि जाताना बरोबर नेत, त्यामुळे त्या मोठ्या संख्येने हरवल्या. जॉन क्रेग यांनी ऑगस्टा काउंटीत १७४० ते १७४९ मध्ये केलेल्या बाप्तिस्म्यांची वही टिकली, हा अपवाद. उरलेल्यांसाठी फिलाडेल्फियाची प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटी आधी विचारावी. सेसेडर आणि कव्हेनंटर या प्रेस्बिटेरियनांच्याच वेगळ्या शाखा होत्या. आपले कुटुंब कोणत्या शाखेचे, हे कळले की शोधायच्या मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे सभासद-समूह, निम्म्याने कमी होतात. बाप्तिस्मा मिळाला नाही तरी पाद्र्याच्या पगाराची वर्गणी भरणाऱ्यांची यादी आणि एखाद्या कुटुंबाने जुन्या मंडळीकडून आणलेला चारित्र्याचा दाखला मिळू शकतो. असा दाखला अल्स्टरमधल्या मंडळीचे नाव सांगत असेल, तर शोध एका कागदात समुद्र ओलांडतो.

व्हर्जिनियात १७८० पर्यंत कायदेशीर लग्न लावण्याचा अधिकार अँग्लिकन पाद्र्यालाच होता, आणि पॅरिशची, म्हणजे चर्चच्या कारभाराच्या विभागाची, समिती सगळ्याच रहिवाशांचा कारभार पाहत असे. म्हणून घराणे प्रेस्बिटेरियन असले तरी ऑगस्टा पॅरिशच्या समितीची वही बघावी. दर चार वर्षांनी जमिनींच्या हद्दी चालत जाऊन कायम करण्याची पद्धत होती. तिच्या याद्यांत शेजारी त्या त्या गटात ओळीने येतात.

## टप्पा ८ : आगमनाचा पुरावा, जिथे तो खरोखर आहे तिथे

प्रवासी याद्या नाहीत म्हणून सर्वत्र शून्य आहे असे नाही. मोजके अपवाद आहेत आणि ते याच क्रमाने पाहावेत.

व्हर्जिनियातल्या ऑरेंज काउंटीच्या कोर्टाच्या वहीत १७४० च्या सुमारास अनेक कुटुंबप्रमुखांनी आपण स्वखर्चाने आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून या वसाहतीत आलो असे शपथेवर सांगितले, कारण त्यावर जमिनीचा हक्क मिळत होता. पत्नी आणि मुलांची नावेही त्या नोंदींत येतात. साउथ कॅरोलिनाने १७६१ च्या कायद्याने गरीब प्रोटेस्टंट स्थलांतरितांना प्रवासखर्चाची मदत देऊ केली, आणि मदत मागणाऱ्यांची नावे तिथल्या कौन्सिलच्या कामकाजात आहेत. पाद्री विल्यम मार्टिन यांच्याबरोबर १७७२ मध्ये पाच जहाजांतून आलेल्या कव्हेनंटर कुटुंबांच्या जमिनीच्या मागण्याही तिथेच शोधाव्यात. फिलाडेल्फियात करारबद्ध नोकरांच्या नोंदी १७४५-४६ आणि १७७१-७३ या काळाच्या टिकल्या आहेत. १७७३ ते १७७६ मध्ये लंडनच्या सरकारने निघणाऱ्यांची नोंद ठेवली ती इंग्लंड-स्कॉटलंडची. आयर्लंडची बंदरे तिच्यात नाहीत.

हे काही लागले नाही तर कुटुंबाऐवजी वस्ती शोधावी. ही माणसे एकटीदुकटी हलत नसत. भावकी, सोयरे आणि मंडळी मिळून पेनसिल्व्हेनियातून शेनांडोआ खोऱ्यात आणि तिथून कॅरोलिनात जात. कॅरोलिनात १७६० मध्ये ज्यांच्या शेजारी पूर्वज राहतो त्यांच्यापैकी चार-पाच जण १७४५ मध्ये लँकेस्टरच्या एकाच टाउनशिपमध्ये (काउंटीच्या पोटविभागात) सापडले, तर पूर्वजही तिथे शोधावा. या शेजाऱ्यांपैकी एकाचे जरी अल्स्टरमधले गाव ठाऊक असले, तरी आपल्यासाठी तो सर्वांत चांगला धागा आहे.

इशारा : छापील इतिहासात वारंवार दिसणारी ‘तीन भाऊ एकत्र आले आणि तीन दिशांना गेले’ ही कथा प्रत्येक भावासाठी वेगळा कागद मिळेपर्यंत वहीत घेऊ नये.

## टप्पा ९ : आता अल्स्टर

इथे येण्यापूर्वी हातात काय हवे ते सांगतो : पूर्वजाचे नाव, पत्नीचे नाव, अंदाजे आगमनवर्ष, चर्चची शाखा आणि निदान दोन-तीन शेजारी कुटुंबांची आडनावे. नुसत्या नावावर अल्स्टरमध्ये काहीच ठरत नाही.

३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या सार्वजनिक अभिलेखागाराला लागलेल्या आगीत मृत्युपत्रे, चर्च ऑफ आयर्लंडच्या असंख्य वह्या आणि जुन्या जनगणना गेल्या. प्रेस्बिटेरियन वह्या बहुतांशी मंडळींकडेच होत्या म्हणून वाचल्या, पण त्यांतल्या थोड्याच अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे जातात. त्यामुळे याद्यांवर काम करावे लागते : १६६० च्या दशकातल्या चूल-कराच्या याद्या, १७४० ची प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांची यादी, १७६६ ची धर्मवार गणना आणि १७९६ ची जवस पिकवणाऱ्यांची यादी. यांतल्या काहींच्या फक्त नकला उरल्या आहेत आणि काही भाग नाहीतच. १७९६ ची यादी पूर्वज निघून गेल्यानंतरची आहे, तिचा उपयोग आडनावांचा घोळका कोणत्या पॅरिशमध्ये मागे राहिला हे पाहण्यापुरता. आपले आडनाव आणि शेजाऱ्यांची दोन-तीन आडनावे ज्या पॅरिशमध्ये एकत्र दिसतील ती पॅरिश आधी घ्यावी.

मग जमीनदारांची दफ्तरे. अल्स्टरमध्ये तीन जीवांचे भाडेपट्टे चालत. पट्ट्यात नाव घातलेल्या तिघांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत पट्टा चालू, म्हणून शेतकरी आपल्या लहान मुलांची नावे घालत आणि कधी वयही लिहिले जाई. त्या जीवांपुढे ‘अमेरिकेत गेला’ असा शेरा मिळणे म्हणजे ज्यासाठी एवढे दिवस बसलो ते मिळणे. ही दफ्तरे बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडच्या सार्वजनिक अभिलेखागारात, ज्याला सगळे प्रोनी म्हणतात तिथे, मोठ्या प्रमाणावर आहेत. डब्लिनची रजिस्ट्री ऑफ डीड्स १७०८ पासूनची आहे, पण लहान कुळे तिच्यात क्वचितच येतात. बेलफास्ट न्यूजलेटर हे वृत्तपत्र १७३७ पासूनचे. त्यात जहाजांच्या जाहिराती असतात, प्रवाशांची नावे नव्हेत. पण कोणत्या वर्षी कोणत्या बंदरातून कोणते जहाज फिलाडेल्फियाला किंवा डेलावेअरमधल्या न्यूकॅसलला जाणार होते, ते त्यातून कळते.

नावे ठेवण्याची स्कॉटिश पद्धत, म्हणजे थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देणे, ही उपयोगी आहे ती दोन उमेदवारांत कल पाहण्यापुरतीच. तिच्यावरून आजोबा ‘सिद्ध’ करू नयेत, कारण ती सगळ्यांनी पाळली नाही आणि लहानपणी वारलेल्या मुलांची नोंद आपल्याकडे नसते. डीएनएचेही तसेच. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्राची चाचणी दोन घराणी वेगळी आहेत हे खात्रीने सांगू शकते. ती एकच आहेत की नाहीत यात ती मदत करते, पण भाऊ कोण आणि चुलतभाऊ कोण हे सांगत नाही. दोन्ही पालकांकडून आलेल्या डीएनएची साधी (ऑटोसोमल) चाचणी आठ पिढ्यांपलीकडच्या एकाच पूर्वजासाठी फार विरळ पडते, कारण त्याचा अंश आपल्यात उतरलेलाच नसण्याचा संभव असतो.

## टप्पा १० : पुरावा वाक्यांत लिहा

फक्त झाड काढून थांबू नये. प्रत्येक पिढीच्या जोडासाठी एक परिच्छेद लिहावा : कोणता कागद थेट सांगतो, कोणते कागद आडून सांगतात, कोणता कागद विरोधात जातो आणि त्याचे स्पष्टीकरण काय. त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाला कशावरून वगळले, तेही लिहावे, नाहीतर पुढचा वाचणारा त्याला पुन्हा आत घेईल. जोड अपुरा असेल तर तिथे ‘संभाव्य’ असे स्पष्ट लिहून रेषा तुटक काढावी, आणि सार्वजनिक झाडावर ती पिढी न चढवता फक्त आपल्या फाइलीत ठेवावी, कारण एकदा चढवलेली चूक इतरांनी उचलली की ती खाली उतरवणे आपल्या हातात राहत नाही. मूळ कागदांच्या छायाचित्रांना काउंटी, पुस्तक आणि पान असे नाव देऊन त्या परिच्छेदाशेजारीच ठेवावे.